लॅपटॉपसोबत आले, फॉरमॅटसोबत गेले

मराठी घरांत संगणकाच्या दुखण्यावर गेली पंचवीस वर्षे एकच रामबाण उपाय सांगितला जातो: फॉरमॅट मार. स्लो झालाय, व्हायरस शिरलाय, मधेच निळा पडदा येतोय, मग फॉरमॅट मार. गल्लीतला कॉम्प्युटरवाला दोन-तीन तासांत काम उरकतो, ‘डेस्कटॉपवरचे फोटो डी ड्राइव्हला टाकलेत’ एवढे सांगतो आणि मशीन परत देतो. काय काय गेले ते घरी आल्यावर हळूहळू कळते. डीव्हीडी लागत नाही. आवाज कमी-जास्त करायचे बटण मेलेले असते. वर्ड उघडले की ते पैसे मागते. आणि हे सगळे तर लॅपटॉपसोबतच आले होते!

आले होते, हे खरे. पण ते ठेवलेले कुठे होते आणि परत कुठून आणायचे, याचे उत्तर दर पाच-सात वर्षांनी बदलत गेले. आधी ते खोक्यातल्या सीडीत आणि पाठीवरच्या स्टिकरवर होते, मग हार्ड डिस्कच्या लपवलेल्या कोपऱ्यात गेले, पुढे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, आणि आता ते कुठल्याशा ईमेल खात्यात आहे.

विंडोज एक्सपी 25 ऑक्टोबर 2001 रोजी बाजारात आली आणि तिच्यासोबत घरगुती ग्राहकांच्या वाट्याला ‘ॲक्टिव्हेशन’, म्हणजे प्रत खरी असल्याची मायक्रोसॉफ्टकडून खातरजमा, आले. त्या काळचा लॅपटॉप उलटा केला की पाठीवर मायक्रोसॉफ्टचे स्टिकर दिसे आणि त्यावर पाच-पाचच्या गटांत पंचवीस अक्षरे-आकडे, म्हणजे विंडोजची कळी (प्रॉडक्ट की). मशीन मांडीवर, टेबलावर, बॅगेत घासले जाई, खालून तापे, आणि दोन वर्षांत स्टिकरवरची शाई उडू लागे. या कळीत गोंधळ नको म्हणून काही अक्षरे मुळातच वगळलेली असत. शून्य आणि ‘ओ’ तिच्यात सापडत नाहीत, एक आणि ‘आय’ही नाहीत. पण ‘बी’ आणि आठ दोन्ही होते, ‘जी’ आणि सहाही होते. पुसट स्टिकरवर भिंग धरून ‘हा बी का आठ?’ अशी चर्चा करणारी माणसे त्या काळात घरोघर होती. शहाणे लोक नव्या मशीनच्या स्टिकरवर आधी सेलोटेप मारत. पुढे काही कंपन्यांनी ते बॅटरीच्या खाचेत हलवले आणि ते जरा टिकू लागले.

यात एक गंमत होती. मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर कारखान्यात जी विंडोज टाकलेली असे, तिची कळी स्टिकरवरची नसेच. एकाच कंपनीच्या हजारो मशीनवर एकच कळी चाले. बायोसमध्ये त्या कंपनीची खूण दिसली की विंडोज गुपचूप स्वतःला खरी मानून घेई. त्यामुळे फॉरमॅटच्या आधी एखाद्या ‘की-फाइंडर’ने कळी काढून कागदावर लिहून ठेवणारा चतुर माणूस हमखास फसे. ती कळी कंपनीच्या सीडीबाहेर चालत नसे. स्टिकरवरची चाले, पण फेब्रुवारी 2005 नंतर मायक्रोसॉफ्टने मोठ्या कंपन्यांच्या स्टिकरवरील कळ्यांचे इंटरनेटवरून होणारे ॲक्टिव्हेशन बंद केले. मग फोन लावायचा, पडद्यावरचे सहा-सहा आकड्यांचे गट वाचून दाखवायचे आणि पलीकडून येणारे गट टंकायचे. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

विंडोज परत मिळाली तरी बाकीचे सामान मिळेच असे नाही. डीव्हीडीचे घ्या. एक्सपीमध्ये डीव्हीडी चित्रपट उलगडणारा एमपेग-2 डिकोडर नव्हताच. त्याचे परवाना शुल्क लागे, म्हणून लॅपटॉप कंपन्या पॉवरडीव्हीडी किंवा विनडीव्हीडी घालून देत. फॉरमॅटमध्ये ते गेले की त्याच ड्राइव्हमध्ये तीच डीव्हीडी घालूनही चित्र येईना, आणि दोष ड्राइव्हच्या माथी जाई. व्हिस्टा आणि विंडोज 7च्या वरच्या आवृत्त्यांत हा डिकोडर आला, विंडोज 8मध्ये पुन्हा गेला. तोवर व्हीएलसी प्लेयर घराघरांत पोचला होता, म्हणून फार आरडाओरड झाली नाही.

हार्ड डिस्क ‘साटा’ या नव्या जोडणीची झाली तेव्हाचा किस्सा याच जातीचा. एक्सपीची सीडी घातली की ती म्हणे, डिस्कच दिसत नाही. ड्रायव्हर द्यायला एफ6 दाबून फ्लॉपी घालायची असे, आणि लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता. मग बायोसमध्ये जाऊन साटा जुन्या आयडीई पद्धतीवर वळवायची, ही दुकानदारांची युक्ती. 2020मध्ये इंटेलच्या अकराव्या पिढीचे लॅपटॉप येऊ लागले आणि तोच देखावा पुन्हा उभा राहिला. विंडोजचा इन्स्टॉलर एसएसडी दिसत नाही म्हणतो आणि इंटेलच्या व्हीएमडी या स्टोरेज व्यवस्थेचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. एफ6 आणि फ्लॉपी तेवढे गेले.

मधल्या काळात कंपन्यांनी सीडी देणेच बंद केले. खर्च वाचला, आणि मूळ सामान हार्ड डिस्कच्या दहा-पंधरा जीबीच्या लपवलेल्या विभागात गेले. तिथे शिरण्याची किल्ली प्रत्येकाची वेगळी. एचपीला एफ11, असूसला एफ9, एसरला ऑल्ट आणि एफ10, तोशिबाला शून्य दाबून धरायचे. लेनोव्होच्या आयडियापॅडला कडेला इवलेसे ‘नोव्हो’ बटण, काही मॉडेलवर तर टाचणीने दाबावे लागणारे. मशीन सुरू होताच कळ दाबली की लॅपटॉप कारखान्यातून निघाला तसाच्या तसा परत होई: ड्रायव्हर, डीव्हीडी प्लेयर, कॅमेऱ्याचे ॲप आणि अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती, सगळे जागच्या जागी. या सगळ्या वाटचालीत इतकी सोपी व्यवस्था दुसरी झाली नाही, आणि तिला सर्वांत जास्त धक्का बसला तो आपल्या सवयींमुळे.

कारण आपल्याला डी आणि ई ड्राइव्ह हवे असतात. सीमध्ये विंडोज, डीमध्ये काम, ईमध्ये गाणी-सिनेमे, ही वाटणी एमएस-सीआयटीच्या पिढीच्या हाडीमाशी खिळलेली. विंडोज 7च्या काळातल्या एचपी लॅपटॉपवर मात्र सिस्टिम, सी, रिकव्हरी आणि एचपी टूल्स असे चार विभाग आधीच असत, आणि जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी विभाग बसतात. पाचवा करायला गेले की विंडोज विचारी: डिस्क ‘डायनॅमिक’ करू का? लोक हो म्हणत आणि रिकव्हरीची वाट बंद होई. दुकानात तर प्रश्नच नसे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर काय, सगळे विभाग उडवून नवे पाडणे हीच पद्धत होती. रिकव्हरीची डीव्हीडी स्वतः भाजून ठेवा, अशी सूचना पहिल्या दिवसापासून पडद्यावर येत असे. एचपी ती एकदाच भाजू देई. त्या सूचनेच्या खिडकीवर बहुतेक जण ‘नंतर आठवण करून द्या’ दाबत आणि ते नंतर कधी उगवत नसे.

परत आणायला सगळेच हवे होते, असेही नाही. वॉल स्ट्रीट जर्नलचे स्तंभलेखक वॉल्ट मॉसबर्ग यांनी 2007मध्ये नव्या मशीनवरच्या या भाराला ‘क्रॅपलेट’ म्हटले. चाचणी आवृत्त्या, जाहिराती, दुकानांचे शॉर्टकट, असा सगळा कचरा. आणि तो घालून देण्याचे कंपन्यांना पैसे मिळत. मार्च 2008मध्ये सोनीने वायोच्या काही मॉडेलवर हा कचरा नसलेले मशीन देण्याचा पर्याय काढला आणि त्यासाठी 49.99 डॉलर मागितले. म्हणजे घाण केल्याचे पैसे तिकडून घ्यायचे आणि झाडल्याचे इकडून. बोंबाबोंब झाल्यावर सोनीने ते शुल्क लगेच काढून टाकले.

2012च्या ऑक्टोबरात विंडोज 8 आली आणि स्टिकर गेले. कळी मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये लिहिली जाऊ लागली. त्याच आवृत्तीची विंडोज टाकली की ती स्वतः कळी वाचते, काही विचारत नाही. भिंग आणि फोन दोन्ही अडगळीत गेले. विंडोजपुरता प्रश्न जवळपास सुटला.

पण त्याच फर्मवेअरमधून दुसरेही काही येऊ शकते, हे 2015मध्ये उघड झाले. लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर लोकांनी डिस्क धुऊनपुसून कोरी विंडोज टाकली, तरी कंपनीचे सॉफ्टवेअर पुन्हा हजर. ‘लेनोव्हो सर्व्हिस इंजिन’ नावाचा हा तुकडा बायोसमध्ये बसलेला होता आणि विंडोज सुरू होताना स्वतःला तिच्यात घुसवत होता. विंडोज 8मध्ये मायक्रोसॉफ्टनेच अशी अधिकृत खिडकी ठेवली होती. उद्देश असा की, चोरीला गेलेला लॅपटॉप शोधणारे सॉफ्टवेअर फॉरमॅटनंतरही टिकावे. या इंजिनमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडली आणि लेनोव्होने 31 जुलैला ते काढणारे बायोस दिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत या कंपनीचे सुपरफिश प्रकरण गाजले होते. आधीपासून घातलेले हे जाहिरातींचे सॉफ्टवेअर ब्राउझरचे सुरक्षित दुवे मधेच उघडून बघत होते. तेव्हा या लॅपटॉपवर ज्याला डीव्हीडी प्लेयर परत हवा होता त्याला तो मिळेना, आणि ज्याला कंपनीचे ॲप नको होते त्याच्या घरात ते पुन्हा येऊन बसे. ही खिडकी आजही आहे. असूसच्या अनेक मदरबोर्डवर नवी विंडोज टाकताच ‘आर्मरी क्रेट’ बसवू का, असे विचारणारी चौकट येते. बायोसमध्ये जाऊन ती बंद करता येते.

विंडोज 10ने 2015मध्ये वेगळी पूर्ण प्रत बाळगणे सोडले. रीसेट करताना ती स्वतःच्याच फायलींतून नवी विंडोज उभारते आणि कंपनीने सोबत ठेवलेली ॲप हवीत का, असे अनेक मशीनवर विचारते. मे 2020च्या आवृत्तीपासून मूळ फायली इंटरनेटवरून उतरवण्याची सोय झाली. तिला चार जीबीहून अधिक डेटा लागू शकतो. पेनड्राइव्हवरून सगळे पुसून टाकलेल्या विंडोजला मात्र कंपनीच्या ॲपचा पत्ता नसतो. तिथे कंपन्यांच्या अलीकडच्या सोयी कामी येतात. डेल सर्व्हिस टॅगवरून मूळ विंडोज पुन्हा उतरवू देते, आणि मशीनसोबत विकत घेतलेले सॉफ्टवेअर ‘डिजिटल डिलिव्हरी’तून वेगळे देते. लेनोव्हो आणि एचपीही मॉडेल किंवा सिरियल नंबरावरून रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बनवू देतात, पण सगळ्या मॉडेलना नाही. ॲपलने हा रस्ता बराच आधी धरला होता. 2010चा मॅकबुक एअर मूळ सॉफ्टवेअरच्या छोट्या यूएसबी काडीसह आला, आणि पुढच्याच वर्षी मॅकच्या ‘लायन’ या आवृत्तीसोबत थेट इंटरनेटवरून मॅक पूर्ववत करणे सुरू झाले.

भारतात सर्वांत जास्त डोकेदुखी ऑफिसची. 2010च्या सुमाराला नव्या मशीनवर ‘ऑफिस स्टार्टर’ येई. वर्ड आणि एक्सेल फुकट, कडेला जाहिरात, पॉवरपॉइंट नाही. ते फक्त नव्या मशीनसोबत मिळे. गेले की गेले. पुढे ‘होम अँड स्टुडंट’ येऊ लागले आणि ते पहिल्यांदा उघडताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने चालू केले, त्या खात्याला कायमचे चिकटते. फॉरमॅटनंतर त्याच खात्याने लॉग-इन करून ते पुन्हा उतरवता येते. अडचण होते ती खाते कुणाचे हे आठवत नसले की. मुलाच्या लॅपटॉपचे ऑफिस दुकानदाराने घाईत बनवलेल्या ईमेलवर चढलेले असते आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो.

विंडोज 10चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि फॉरमॅटची नवी लाट आली आहे. लॅपटॉप दुकानात नेण्याआधी अर्धा तास काढावा. सिरियल नंबर कागदावर लिहावा. ऑफिस कोणत्या खात्यावर आहे ते त्या खात्यात शिरून बघावे. डिस्क एन्क्रिप्ट झाली असेल तर बिटलॉकरची 48 आकड्यांची कळी विंडोजमध्ये लॉग-इन केलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून ठेवावी. ध्वनीचा, कॅमेऱ्याचा आणि फंक्शन बटणांचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून पेनड्राइव्हवर घ्यावा. आणि काउंटरपलीकडून ‘सगळे पार्टिशन उडवून नवे पाडू ना?’ असे विचारले गेले, तर लगेच मान डोलावू नये.