संपणं दिसायला हवं

स्वमग्न मुलाच्या घरी गेले, की माझी नजर आधी भिंतीकडे जाते. चित्रांची पट्टी आहे का, मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर आहे का, आणि झालेल्या कामाचं कार्ड टाकायला खाली खिसा आहे का. त्या खिशावर माझा फार जीव. दात घासून झाले, की दातांचं कार्ड वेल्क्रोवरून चर्रकन ओढायचं आणि खिशात टाकायचं. मग अंघोळ, कपडे, नाश्ता, शाळेची बस. ‘आवर लवकर’ एवढ्यावरून चार वर्षांच्या मुलाने काय समजायचं? बोललेलं विरून जातं, चित्र जागेवर राहतं.

या पट्टीची पूर्वपीठिका थोडक्यात. एरिक शॉपलर यांच्या पुढाकाराने आकाराला आलेली, स्वमग्न मुलांना शिकवण्याची ‘टीच’ पद्धत १९७२पासून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात राज्यभर राबवली गेली. चित्र देऊन मागायला शिकवणारी ‘पेक्स’ १९८५ची, अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांची. ‘टीच’मध्ये मुलाला चार गोष्टी डोळ्यांनी दिसाव्या लागतात: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार आणि पुढे काय.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तिसरी. ‘अजून पाच मिनिटं’ हे मोठ्यांचं लाडकं वाक्य मुलाच्या दृष्टीने पोकळ असतं. सिनसिनाटीच्या जॅन रॉजर्स यांची लहान मुलगी ‘अजून किती वेळ?’ असं सारखं विचारायची. त्यातून १९९४मध्ये ‘टाइम टायमर’ हे घड्याळ आलं: तबकडीवरचा लाल भाग मिनिटामिनिटाला आकसत जातो आणि वेळ संपली की नाहीसा होतो. आकडे यायला नकोत, घड्याळ वाचायला नको. ठाण्यातल्या एका घरी मी त्याचंच मोबाइलवरचं रूप पाहिलं. झोपाळ्यावरचा मुलगा लाल पाकळी बारीक होताना बघत होता. ती मिटली आणि तो आपणहून उतरला. एरवी त्याच झोपाळ्यावरून त्याला उतरवताना रडारड व्हायची, असं त्याची आजी म्हणाली.

हे वेळापत्रक भिंतीऐवजी टॅबवर ठेवण्याचा मोठा फायदा म्हणजे घरचेच फोटो. तयार चित्रांत टब असतो. आपल्या मुलाची अंघोळ निळ्या बादलीत, तांब्याने. मग बादलीचाच फोटो काढावा. चित्रावर बोट ठेवलं की मुलाच्या वतीने बोलणारी अ‍ॅप हा वेगळा विषय, पण आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात घडलेलं ‘जेलो’ मराठीत बोलतं, हे सांगायलाच हवं. कारण वेळापत्रक दाखवणाऱ्याने मुलाचं ‘नको’सुद्धा ऐकलं पाहिजे. नाहीतर ती नुसती हुकमांची पट्टी होते.

आणखी एक कार्ड मी आग्रहाने सुचवते: ‘बदल’. ते आधी आनंदाच्या बदलाला वापरावं, वरणभाताऐवजी आवडीचा शिरा असेल तेव्हा. मग जुलैत पावसाने शाळा बंद झाली, तर तेच कार्ड बसच्या चित्रावर लावता येतं. मुलाला वाईट वाटेलच, पण निदान काय बदललं ते समोर असेल.

मूल सरावलं, की पट्टी काढून टाका असा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहिणाऱ्या घराने मुलाचा आधार का काढावा? चित्रांच्या जागी पुढे शब्द येतील, भिंतीवरची पट्टी दप्तरात जाईल, एवढंच.

गाणी बघायचा टॅब आणि वेळापत्रकाचा टॅब मात्र एकच ठेवू नये. गाणी संपवायची असतात, तेव्हा मुलाला पुढचं काम दाखवणारा पडदाच आपण त्याच्या हातून काढून घेतो. एकच टॅब असलेल्या घरी मी कार्डं पुठ्ठ्याचीच ठेवायला सांगते आणि टायमर वेगळा, मुलाला बसल्या जागेवरून दिसेल असा.