गादी सरकली, ऑपरेशन आता की नंतर?

एमआरआयचा रिपोर्ट येतो आणि घरात दोन तट पडतात. ‘लगेच करून टाका, नाहीतर पाय कायमचा जाईल,’ असं काका सांगतात. ‘मणक्याला हात लावू देऊ नका, आमच्या ओळखीतले एक जण तेव्हापासून अंथरुणातच आहेत,’ असं मावशी बजावते. ज्याचा पाय कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ठणकतोय, त्याला मात्र धड बसता येत नाही की झोप लागत नाही.

‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग तसा फसवाच आहे. दोन मणक्यांमधली गादी जागची हलत नाही. तिचं बाहेरचं चिवट कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब आणतो. म्हणून बिघाड कंबरेत आणि कळ पायात. यालाच सायटिका म्हणतात. बाहेर आलेला हा गर शरीर बऱ्याचदा हळूहळू शोषून घेतं. त्यामुळे बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ऑपरेशनशिवायच ओसरतं.

ज्यांचं ओसरत नाही, त्यांच्यासाठी नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास फार उपयोगाचा आहे. २००७ साली तो प्रसिद्ध झाला. ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे त्यात चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन करायचं ठरलं. दुसऱ्याने वेदनाशामक गोळ्या घेत, शक्य तेवढं हिंडत-फिरत थांबायचं. अगदीच सोसेना तर मग ऑपरेशन. पहिल्या गटातल्या निम्म्या लोकांना साधारण ४ आठवड्यांत बरं वाटलं. थांबलेल्यांना तिथवर पोहोचायला १२ आठवडे लागले. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते! थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना त्या वर्षात ऑपरेशन करून घ्यावं लागलं, हेही खरं. म्हणजे उरलेल्यांचं ते टळलं.

थोडक्यात, अशा रुग्णाला ऑपरेशनने मिळतात ते मुख्यतः दोन महिने. ते कोणाला किती महाग, हे माणसागणिक बदलतं. रोज गाडी चालवून घर चालवणाऱ्याला दोन महिने घरी बसणं परवडत नाही. हाताशी रजा आणि थोडी सहनशक्ती असलेला थांबू शकतो. ‘करावंच लागेल’ असं म्हणण्याआधी डॉक्टरांनी हा हिशेब रुग्णासमोर मांडायला हवा. घाईच्या ओपीडीत तो क्वचितच मांडला जातो.

दुखणं लांबलेलं असेल, तर मात्र पारडं झुकतं. ४ ते १२ महिने सायटिका सोसलेल्या १२८ रुग्णांचा कॅनडातला अभ्यास २०२० मध्ये आला. सहा महिन्यांनी, दहापैकी गुण द्यायचे तर, ऑपरेशन झालेल्यांच्या पायाची वेदना २.८ होती आणि इतर उपचार घेणाऱ्यांची ५.२. तेव्हा ‘थांबा’ म्हणजे अमर्याद थांबा नव्हे.

ऑपरेशनने आराम पडतो तो मुख्यतः पायाच्या कळेला. नुसती कंबर दुखते म्हणून टेबलावर गेलेल्यांची बऱ्याचदा निराशा होते. रिपोर्टमधल्या शब्दांनीही घाबरू नये. पाठीचा काहीच त्रास नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय अमेरिकेत तपासले, तर ५२ टक्क्यांची किमान एक गादी फुगलेली निघाली. हा अभ्यास १९९४ चा. म्हणून फोटोतली नस आणि पायातली कळ एकमेकींशी जुळतात का, हे तपासूनच ठरवायचं असतं. शिवाय एकदा ऑपरेशन झालं की कायमचं सुटलो, असंही नाही. अमेरिकेतल्या मोठ्या ‘स्पोर्ट’ अभ्यासात आठ वर्षांत सुमारे १५ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं.

एका प्रसंगी मात्र हे सगळे हिशेब बाजूला ठेवायचे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली, बैठकीची जागा बधिर पडली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावं. पायाची ताकद झपाट्याने जात असेल, पाऊल उचलताना लोंबत असेल, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.