पेटीची किल्ली कोणाकडे?

"आमच्या लोकायले काही सुचतच नाही, भाऊ. पेटी लावून पाह्यली, एक चिठ्ठी नाही पडली."

अचलपूर-परतवाड्यात जिनिंगवाल्याशी बोला, नाही तर डाळमिलवाल्याशी, कामगारांच्या सूचनांचा विषय निघाला की हे वाक्य येणारच. पेटी रिकामी, म्हणजे डोकी रिकामी, असा हा हिशेब आहे. तो चुकीचा आहे आणि मालकांना महागात पडणारा आहे.

आधी साधी गोष्ट बघू. कारखान्यातली चूक सगळ्यांत आधी कोणाला दिसते? जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर निवड करणाऱ्या बाईला कळतं, की प्लॅस्टिकचा धागा कोणत्या प्रकारच्या पोत्यांतून येतो. रोलरच्या खाचा झिजल्या, की मशीनवर उभ्या माणसाला ते हिशेबाच्या वहीत उतरण्याआधी जाणवतं. सरकी कुठे सांडते, गाठी उचलताना कोणत्या वळणावर दोनदा फेरी पडते, हे हमालाला विचारावं. ही माहिती साहेबांच्या केबिनमध्ये नसते, आणि त्यात साहेबांचा अपमानही नाही. ते तिथे उभेच नसतात.

मग चिठ्ठी का पडत नाही? कामगारालाच विचारा. "सांगून काय होते?" असं उत्तर मिळेल. त्याचा अनुभव असा असतो, की सांगितलेल्याचं पुढे काय झालं ते कधी कळत नाही. पेटी उघडतो मुकादम, आणि चिठ्ठी बहुतेक वेळा त्याच्याच कामाबद्दल असते. कल्पना चालली तर नाव सुपरवायझरचं, फसली तर बोलणी याला. अशा ठिकाणी गप्प बसणं हा शहाणपणा आहे. त्याला "सुचत नाही" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

पेटीत काय पडेल, हे पेटी कोण उघडतो त्यावर ठरतं. याचा फार जुना दाखला जपानचा आहे. शोगुन तोकुगावा योशिमुने याने 1721 साली एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, प्रजेसाठी कुलूपबंद पेटी ठेवली. ती उघडण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे ठेवला. चिठ्ठीवर नाव-पत्ता असायलाच हवा, अशी अट होती. ओगावा शोसेन नावाच्या एका वैद्याने गरिबांसाठी दवाखाना काढावा असं लिहून टाकलं. पुढच्याच वर्षी, 1722 मध्ये, कोइशिकावा इथे तो दवाखाना सुरू झाला. मधल्या कोणा कारभाऱ्याच्या हाती किल्ली असती, तर ती चिठ्ठी वर पोहोचली असती का?

"जपान्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्या रक्तातच आहे," हा पुढचा ठरलेला आक्षेप. रक्ताचा काही संबंध नाही. टोयोटाचे एइजी टोयोडा 1950 मध्ये अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले होते. तिथली सूचना योजना पाहून टोयोटाने 1951 मध्ये आपली सुरू केली. उसनी आणलेली कल्पना होती ती! पहिल्या वर्षी काय झालं? युझो यासुदा यांनी या योजनेच्या चाळीस वर्षांवर लिहिलेल्या पुस्तकातले आकडे बोलके आहेत. 1951 मध्ये सूचना आल्या 789, म्हणजे साधारण दहा कामगारांमागे एक, आणि स्वीकारल्या गेल्या त्यातल्या 23 टक्के. 1986 मध्ये सूचना आल्या 26 लाखांवर, आणि 96 टक्के अमलात आल्या. मधली पस्तीस वर्षं प्रत्येक सूचनेला उत्तर देण्यात गेली. आपण पेटी लावतो आणि महिनाभरात निकाल लावून मोकळे होतो.

शिक्षणाचा मुद्दाही निघतोच: "दहावी नापास माणूस काय सुचवणार?" किर्लोस्करवाडीचा इतिहास वाचावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली माळरानावर कारखाना उभारला, तेव्हा त्यांच्या सोबत अनंतराव फळणीकर होते. शाळा अर्धवट सोडलेला, पण यंत्रात कमालीची कल्पकता असलेला माणूस. लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्र बघितलं नाही, हात बघितले.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण हवं असेल, तर नांदेड फकीरचे दादाजी खोब्रागडे घ्या. ते कोणाचे नोकर नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातले अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. 1983 च्या सुमारास आपल्या धानात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या. त्या निवडून, जपून, वाढवून त्यांनी जे वाण तयार केलं, ते एचएमटी नावाने देशभर पोहोचलं. 1998 मध्ये कृषी विद्यापीठाने पीकेव्ही एचएमटी हे वाण प्रसारित केलं, आणि त्याचं श्रेय आपल्याला मिळालं नाही, ही तक्रार दादाजी अखेरपर्यंत करत राहिले. 2018 मध्ये ते गेले. कल्पना सुचायला पदवी लागत नाही. आणि श्रेयाचा प्रश्न सुटला नाही, तर पुढचा माणूस तोंड उघडायच्या आधी दहादा विचार करतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

कल्पना मोठी हवी. कोडॅकने 1898 मध्ये एका कामगाराला दोन डॉलर दिले, ते खिडक्या धुवाव्यात या सूचनेसाठी. उजेड वाढला, काम सुधारलं.

सुधारणा वरूनच येते. अॅलन रॉबिन्सन आणि डीन श्रोडर या अभ्यासकांच्या मते सुधारणेची सुमारे 80 टक्के शक्यता प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या कल्पनांमध्ये असते.

बक्षीस जाहीर केलं, की कल्पनांचा पाऊस पडतो. पडतो तो भांडणांचा: कल्पना कोणाची, वाटा कोणाचा. लवकर मिळालेलं उत्तर आणि सूचनेवर स्वतःचं नाव, हे आधी द्या.

सॉफ्टवेअर लागतं. वीस माणसांच्या कारखान्याला फळा आणि खडू पुरतो.

कल्पना दिली, की आपलीच नोकरी जाते. हा निव्वळ गैरसमज म्हणता येणार नाही. चार माणसांचं काम तिघांत बसवणारी सूचना दिली आणि चौथा घरी गेला, तर पेटी कायमची बंद झाली समजा. सूचनेमुळे कोणालाही काढणार नाही, हे मालकाने आधी लिहून द्यावं.

सूचनांनी बुडता कारखाना तरतो. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची अचलपूरची फिनले मिल 2020 च्या टाळेबंदीत बंद झाली. ती चालवायची की नाही, याचा निर्णय दिल्लीत होतो. तो साच्यावरच्या माणसाच्या चिठ्ठीने बदलत नाही. मिल बंद पडली की "कामगारच तसे" म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

कामगारांचं ऐकणं म्हणजे मालकाचा मोठेपणा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातच, शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी असलेल्या कार्यसमितीची तरतूद आली. कामगारांचा व्यवस्थापनातला सहभाग 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या कलम 43-अ मध्ये नोंदला गेला.

तेव्हा पेटी लावायची असेल, तर खिळा ठोकण्याआधी तीन गोष्टी ठरवा: ती कोण उघडणार, उत्तर किती दिवसांत फळ्यावर लागणार, आणि नकार असेल तर त्याचं कारण कोण सांगणार. हे ठरवता येत नसेल, तर पेटी लावू नका. आणि लोकांना काही सुचत नाही, हेही पुन्हा म्हणू नका.