हातानें रंगविलेलीं वनस्पतींचीं ताम्रमुद्रित चित्रें

जुन्या दप्तरांचा व पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांकडे केव्हां केव्हां एखादें विलायती वनस्पतिचित्रहि आढळतें. जाड कागद, मधोमध पळसाची किंवा मोहाची डहाळी, खालीं लॅटिन नांव आणि कोपऱ्यांत लहानसा आंकडा, एवढाच त्याचा संसार. संग्राहक तें चौकटींत बसवितो आणि 'जुनें चित्र' एवढीच त्याची नोंद ठेवतो. पोथीचें एकच सुटें पान हातीं आलें असतां तो ग्रंथ कोणता, कर्ता कोण, लेखनकाल कोणता, याचा शोध घेतल्यावांचून आपण राहत नाहीं. मग तोच न्याय या पानास कां लावूं नये? अशीं चित्रें कशीं तयार होत, त्यांत या देशांतील लोकांचा हात किती आणि त्यांची परीक्षा कशी करावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ताम्रपट म्हटला म्हणजे इतिहासाभ्यासकाच्या डोळ्यांपुढें वाकाटकांचें अथवा राष्ट्रकूटांचें दानपत्र उभें राहतें. तेथें कोरलेला पत्रा हाच मूळ लेख होय. ताम्रमुद्रणांत मात्र पत्रा हा केवळ सांचा असतो. घासून गुळगुळीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर अणकुचीदार हत्यारानें चित्राच्या रेषा उलट कोरीत; किंवा पत्र्यास मेणाचा थर देऊन त्यांत रेघा ओढीत व उघडें पडलेलें तांबें तेजाबाकडून खाववीत. नंतर त्या खांचांत शाई भरून वरचा पृष्ठभाग स्वच्छ पुसून घेत आणि ओलसर कागद वर ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबानें काढीत. कागद खांचांतील शाई उचलून घेई व पत्र्याच्या कडांचा ठसा त्यावर कायमचा उमटे. ही विद्या आपल्याकडे अगदींच अनोळखी नव्हती. नाना फडणविसांच्या काळीं पुण्यांत गीतेचे पत्रे कोरण्याचा उपक्रम सुरू झाला, आणि १८०५ सालीं मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें ताम्रपटावरून भगवद्गीता छापली गेली, हें वाचकांस ठाऊक आहेच.

छापून निघालेलें चित्र काळ्या रेषांचेंच असे. रंग पुढें हातानें भरावयाचा. त्यासाठीं प्रथम एक प्रत काळजीपूर्वक रंगवून ती नमुना म्हणून पुढें ठेवीत, आणि रंगारी त्या नमुन्याबरहुकूम बाकीच्या प्रती जलरंगांनीं रंगवीत. कित्येक कारखान्यांत एकानें पानांचा हिरवा, दुसऱ्यानें फुलांचा तांबडा, अशी कामाची वांटणी असे. त्यामुळें एकाच पत्र्याच्या दोन प्रती रंगानें तंतोतंत सारख्या नसतात. पोथीच्या दोन नकलांत पाठभेद असतात, तसाच हा प्रकार समजावा. विल्यम कर्टिसनें १७८७ सालीं लंडनांत सुरू केलेल्या वनस्पतिविषयक नियतकालिकांतील चित्रें १९४८ पर्यंत हातानेंच रंगविलीं जात होतीं, यावरून या पद्धतीचें दीर्घायुष्य लक्षांत येईल.

हिंदुस्थानाशीं संबंध असलेल्या अशा ग्रंथांत पहिला मान 'होर्तुस मलाबारिकुस' या ग्रंथाचा. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हीड यानें तो तयार करविला व १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडॅम येथें तो बारा खंडांत छापला गेला. मलबारांतील इट्टी अच्युतन् या वैद्याबरोबरच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनीं त्याच्या कामीं साह्य केलें. त्या तिघांचें १६७५ चें प्रशस्तिपत्र कोंकणी भाषेंत व देवनागरी लिपींत पहिल्या खंडांत कोरून छापलें आहे. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास जेमतेम एक वर्ष झालें होतें, त्या वेळचा हा मजकूर यूरोपांतील तांब्याच्या पत्र्यावर चढला! चित्रांवरहि वनस्पतींचीं नांवें रोमन, मलयाळम्, अरबी व नागरी या लिपींत आहेत. हा ग्रंथ रंगाविनाच प्रसिद्ध झाला होता. म्हणून त्यांतील एखादें रंगीत पान कोणी दाखविल्यास तो रंग मागाहून कोणीतरी भरलेला आहे, असेंच प्रथम धरून चालावें.

नागपूर प्रांताच्या दृष्टीनें अधिक जवळचा ग्रंथ विल्यम रॉक्सबर्ग याचा. हा कंपनी सरकारचा वैद्य मद्रास इलाख्यांत समालकोट येथें होता व १७९३ सालीं कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख झाला. त्यानें देशी चितारी पदरीं ठेवून अडीच हजारांहून अधिक चित्रें काढविलीं. त्यांतून निवडक चित्रांचा 'कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पति' हा मोठ्या आकाराचा ग्रंथ जोसेफ बँक्स याच्या देखरेखीखालीं लंडनांत १७९५ ते १८२० या अवधींत तीन खंडांत निघाला. त्यांत तीनशें रंगविलेलीं चित्रें आहेत.

ग्रंथाचें नांव कोरोमंडलचें असलें तरी त्यांतील कित्येक झाडें आमच्या वऱ्हाड-नागपूरच्या रानांतील नित्य परिचयाचीं आहेत. पहिल्या खंडांत सहावें चित्र सागाचें, एकोणिसावें मोहाचें, एकविसावें पळसाचें व शेहेचाळिसावें तेंदूचें. तेव्हां अशा झाडाचें सुटें पान मिळाल्यास आधीं त्यावरील आंकडा पाहावा. नांवांच्या बाबतींत मात्र एक सावधगिरी हवी. चित्राखालीं पळसास 'ब्युटिया फ्रॉण्डोझा' व मोहास 'बासिया लॅटिफोलिया' म्हटलें आहे. आजच्या ग्रंथांत पळस 'ब्युटिया मोनोस्पर्मा' या नांवानें सांपडतो व मोह 'मधुका' या जातींत घातलेला आहे. नांव आजच्या यादींत नाहीं एवढ्यावरून चित्र खोटें ठरत नाहीं. उलट तें जुन्या काळाचें एक गमक होय.

नागपूरचा आणखी एक धागा सालईच्या झाडाचा. संस्कृत ग्रंथांचा व्यासंगी हेन्री टॉमस कोलब्रूक हा १७९९ ते १८०१ या काळांत दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारीं कंपनीचा वकील होता. त्यानें 'एशियाटिक रिसर्चेस'च्या नवव्या खंडांत १८०७ सालीं एक लेख लिहिला. संस्कृतांतील 'कुंदुरु' म्हणजे सल्लकीचा डिंक, अरबी 'कुंदुर' हाच शब्द, सबब यूरोपांत देवळांत जाळतात तो धूप सालईचाच असला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. रॉक्सबर्गनें दिलेलें 'बॉस्वेलिया सेराटा' हें सालईचें नांव याच लेखांतून प्रसिद्ध झालें व तें आजहि कायम आहे. युक्तिवाद मात्र टिकला नाहीं. शब्दांचें साम्य खरें असलें तरी बाजारांतला तो धूप अरबस्तान व सोमाली किनारा येथील निराळ्या झाडांचा निघाला. मुंबईचे जॉर्ज बर्डवुड यांनीं १८७० च्या सुमारास त्या झाडांचीं वर्णनें व चित्रें प्रसिद्ध केलीं, आणि त्यांतील एका जातीस अजिंठ्याचे लेख उतरून घेणाऱ्या डॉ. भाऊ दाजी लाडांचें नांव दिलें. नुसत्या शब्दावरून केलेलें अनुमान प्रत्यक्ष वस्तु व तिचें चित्र समोर आल्यावर कसें फिरतें, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

पुढें शिळाछाप आला व ताम्रपट मागें पडला. वॉलिक याचा १८३० ते १८३२ मध्यें निघालेला आशियांतील दुर्मिळ वनस्पतींचा ग्रंथ शिळाछापाचा असून रंग मात्र हातचा आहे. त्यांत विष्णुप्रसाद व गोराचंद या देशी चिताऱ्यांचीं नांवें आलीं आहेत. रॉक्सबर्गच्या चिताऱ्यांच्या वांट्यास तेंहि आलें नाहीं.

आतां परीक्षेविषयीं. पहिली गोष्ट, चित्राभोंवतीं पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट आहे कीं नाहीं, हें बोट फिरवून पाहावें. शिळाछापांत ती नसते. मात्र कडा कापलेल्या असल्यास ताम्रमुद्रित चित्रांतहि ती दिसणार नाहीं. दुसरी, भिंगांतून रेषा पाहाव्या. कोरलेली रेषा टोकाशीं बारीक होत जाते व शाई किंचित् उठून दिसते. सारख्या ओळींत ठिपकेच ठिपके दिसले तर तें अलीकडच्या यंत्रावरचें पुनर्मुद्रण समजावें. तिसरी, कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह शोधावें. १७९४ पासून इंग्लंडांतील पुष्कळ कागदांत सालाचा आंकडा आढळतो; चित्र त्या सालापूर्वी छापलेलें असणें शक्य नाहीं. परंतु त्यानंतर किती वर्षांनीं छापलें, हें त्यावरून ठरत नाहीं. चौथी, रंग. हातचा रंग कोठें रेषेबाहेर जातो, कोठें अलीकडेच थांबतो. जुना तांब्याचा हिरवा रंग कागदास खातो व मागल्या बाजूस पिंगट डाग उमटवितो. शिशाचा पांढरा रंग काळवंडतो. कागदावर आधींच पडलेल्या डागांत रंग पसरलेला दिसला, तर तो मागाहून भरलेला होय. यांपैकीं एकाच लक्षणावर निकाल देऊं नये.

शेवटीं एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. अशीं सुटीं पानें बहुधा पूर्ण ग्रंथ फाडूनच बाजारांत येतात, कारण एक ग्रंथ विकण्यापेक्षां शंभर पानें शंभर गिऱ्हाइकांस विकण्यांत नफा अधिक. पळसाचें चित्र भिंतीवर जातें आणि त्यासमोरचा मजकूर रद्दींत जातो. रॉक्सबर्गच्या मजकुरांत झाडाचें तेलगू नांव, त्याचें लांकूड, डिंक व उपयोग दिलेले असतात. म्हणजे त्या काळच्या रानांतल्या लोकांनीं सांगितलेली माहितीच तेथें नोंदलेली आहे. चिताऱ्याचें नांव आधींच गेलेलें. मजकूर गेला म्हणजे सांगणाराचा शब्दहि जातो. बखरीचीं पानें सुटीं करून विकणारास आपण जें म्हणूं, तेंच येथेंहि म्हटलें पाहिजे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, पूर्ण किंवा खंडित कसाहि ग्रंथ मिळाला तरी तो सोडवूं नये, व तशीं पानें विकत घेऊन या व्यापारास उत्तेजन देऊं नये. पूर्वींच सुटें झालेलें पान आपल्याकडे असल्यास त्याचा आंकडा, लॅटिन नांव, मोजमाप, जलचिन्ह व तें कोणत्या घराण्यांतून आलें ही हकीकत पेन्सिलीनें वेगळ्या कागदावर लिहून त्याजबरोबर ठेवावी. रॉक्सबर्गचा ग्रंथ आतां संगणकावर पाहावयास मिळतो, तेव्हां पान ताडून पाहण्यास व हरवलेला मजकूर उतरून घेण्यास कोणतीहि अडचण नाहीं. तेवढें केलें म्हणजे भिंतीवरचें शोभेचें चित्र पुन्हां साधन या पदवीस पोंचेल.