जातींचे आकडे १९३१ चेच

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१, सांगलीची २८,२२,१४३. दोन्हीकडे हिंदू ८५ टक्क्यांहून जास्त. सांगलीचे वेगळेपण जैनांत. राज्यात ते जेमतेम सव्वा टक्का, इथे सुमारे तीन. आणि जैन म्हणजे पेढीवरचा व्यापारी ही समजूत इथे चालत नाही, मिरज-वाळव्याकडे तो पिढीजात शेतकरी आहे. धर्माचे आकडे असे मिळतात, पण मराठा, धनगर, माळी, लिंगायत किती? निवडणुकीत छातीठोक सांगितले जाणारे आकडे निव्वळ अंदाजाचे. अनुसूचित जाती-जमाती वगळता जनगणनेचे जातवार आकडे शेवटचे प्रसिद्ध झाले ते १९३१ चे. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती. ‘दक्षिण सातारा’ जिल्हा १९४९ मध्ये झाला, त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये.