क्लाउडमधील माहिती नेमकी कुठे असते?

हैदराबादच्या बरकतपुरा भागात कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे प्रादेशिक कार्यालय आहे. त्या शहरात नोकरी करून गोव्यात परतलेल्यांच्या जुन्या पीएफ क्रमांकाच्या आरंभी ‘एपी/एचवायडी’ ही अक्षरे आढळतात. खाते कोणत्या कार्यालयाकडे आहे आणि दाद कोठे मागायची, हे त्यांवरून कळत असे. २०१४ मध्ये आलेल्या बारा अंकी सार्वत्रिक खाते क्रमांकाने नोकरी बदलणाऱ्यांची मोठी सोय झाली. मात्र त्या अंकांत गावाची खूण नाही.

क्लाउड साठवणुकीत हाच प्रश्न अधिक गहन होतो. प्रचलित पद्धतीत सेवा घेणारी संस्था निदान ठिकाण निवडू शकते. ॲमेझॉनने अशी डेटा केंद्रे मुंबईत २०१६ मध्ये, तर हैदराबादेत २०२२ मध्ये सुरू केली. विकेंद्रित पद्धतीत मात्र फाइल कूटबद्ध करून तिचे तुकडे अनेक देशांतील अनोळखी व्यक्तींच्या संगणकांवर ठेवले जातात. ‘स्टॉर्ज’ या सेवेच्या मूळ रचनेत फाइलच्या प्रत्येक खंडाचे ८० तुकडे होत आणि त्यांतील कोणतेही २९ मिळाले की खंड पुन्हा जुळवता येई. काही संगणक बंद पडले तरी माहिती टिकते, हा या पद्धतीचा गुण होय.

परंतु कायदा जागा पाहतो. देशातील पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी दिला. सामान्य ग्राहकाला मात्र असे संरक्षण सर्वत्र नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार कोणती माहिती कशासाठी घेतली जाते, हे सांगणे बंधनकारक आहे. ती कोठे ठेवली जाते, हे सूचनेत सांगण्याची सक्ती नाही. माहिती कोणाकोणाला दिली, हे विचारण्याचा हक्क कलम ११ देते. परंतु नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वेळापत्रकानुसार ही तरतूद १८ महिन्यांनी लागू व्हायची आहे.

तुकडे सतत हलत असल्याने प्रत्येकाचा पत्ता देणे कंपनीला अवघड आहे. तरीही तुकडे कोणत्या देशांत जातात, कूट उलगडणारी किल्ली कोणाकडे असते, माहिती पुसण्यास सांगितल्यावर ती किती दिवसांत पुसली जाते आणि तक्रार कोणत्या देशाच्या कायद्याखाली चालते, हे करारात लिहिता येते. दवाखान्याचे अहवाल किंवा जमिनीची कागदपत्रे अशा सेवेकडे सोपवण्यापूर्वी ग्राहकाने ही चार उत्तरे लेखी मागावीत.