बेकन कधी न राहिलेले ‘बेकन्स कॅसल’

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील सरी काउंटीमध्ये ‘बेकन्स कॅसल’ हे विटांचे घर उभे आहे. नाव किल्ल्याचे असले तरी हा किल्ला नव्हे. आर्थर ॲलन या धनिक मळेवाल्याने 1665 मध्ये ते बांधले. देशातील विटांच्या राहत्या घरांत ते सर्वांत जुने मानले जाते. लाकडी घरे सर्रास बांधली जात त्या काळी पक्क्या विटांचे घर म्हणजे ऐश्वर्याचे उघड प्रदर्शनच.

वक्र कडांच्या त्रिकोणी भिंती आणि दोन्ही टोकांना तीन-तीन उंच धुराडी ही त्याची ओळख. ही इंग्लंडमधील जॅकोबियन शैली. अमेरिकेत तिचे नमुने फारच विरळ.

1676 मध्ये नॅथॅनियल बेकनने गव्हर्नर बर्कलीविरुद्ध बंड केले. त्याच्या अनुयायांनी हे घर बळकावले आणि काही महिने ताब्यात ठेवले. बेकन स्वतः येथे कधी राहिला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो आजाराने मेला. तरी नाव त्याचेच चिकटले, बांधणाऱ्याचे मागे पडले.

सध्या ‘प्रिझर्व्हेशन व्हर्जिनिया’ ही संस्था वास्तूची देखभाल करते. 1980 च्या दशकातील उत्खननात येथे सतराव्या शतकातील मोठ्या बागेची आखणी सापडली. आवारात गुलामांच्या वस्तीतील 1829 चे एक घरही टिकून आहे. मळ्याची संपत्ती कोणाच्या कष्टावर उभी राहिली हे कळण्यासाठी मुख्य घराइतकेच तेही पाहायला हवे.